आवाज गेलेली कॅसेट

थापा ऐकायची हौस असेल त्यांनी हे वाचू नये. ही घडलेली गोष्ट आहे, आणि ज्या घरात घडली त्या घरात मी लहानपणापासून जेवलेय.

माझी मावसबहीण, आकांक्षा परब. लालबागची चाळ, दुसरा मजला, गॅलरीच्या मागच्या टोकापासून तिसरी खोली. सन २०२४, मे महिना. चौदा तारखेचा मंगळवार ते चोवीस तारखेचा शुक्रवार. वेळ दुपारी अडीचच्या पुढची.

हो, दुपारची. असल्या गोष्टीला रात्रीचे बारा आणि अमावास्याच लागते असं कोणी ठरवलं, कोण जाणे. इथे लख्ख ऊन होतं. खाली मसाला कुटायचे डंके धाडधाड चालले होते आणि मिरच्यांच्या पिशव्या घेऊन बायका रांगेत शिंकत उभ्या होत्या.

आणि वर, त्या खोलीत, सत्तावीस वर्षांपूर्वी गेलेली एक बाई बोलायला लागली होती...

आधी घर समजून घ्या.

घरात माणसं दोनच. आकांक्षा आणि तिचे बाबा, जगदीश. आकांक्षा बत्तीसची. परळच्या एका लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. लग्न केलं नाही. "मी गेले तर बाबांकडे कोण बघणार?" हे तिचं उत्तर ऐकून ऐकून आम्ही नातेवाइकांनी विचारायचंच सोडून दिलं होतं.

बाबांना ऐकू येत नाही. पंचवीस वर्षं ते मिलमध्ये साच्यांवर होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. असे शेकडो साचे एकदम चालू झाले की शेजारी उभा माणूस बोंबलला तरी कळत नाही. मिल गेली, पण जाताना त्यांचे कान घेऊन गेली.

मात्र एक विद्या देऊन गेली.

साच्यांवरची माणसं एकमेकांशी ओठांनी बोलायची. आवाज नाही, नुसते ओठ. बाबा तर त्यात इतके तरबेज, की गॅलरीत उभं राहून समोरच्या फुटपाथवरची दोन माणसं काय बोलतायत ते सांगायचे. चाळीत कोणाचं कोणाशी जमलंय हे सगळ्यात आधी या बहिऱ्या माणसाला कळायचं.

आकांक्षा त्यांच्याशी तशीच बोलते. समोर बसून, आवाज न काढता. त्या घरात कडाक्याचं भांडण झालं तरी शेजाऱ्याला पत्ता लागायचा नाही.

तिची आई म्हणजे माझी सुभद्रामावशी. सत्त्याण्णव सालच्या पावसाळ्यात काविळीने गेली. आकांक्षा तेव्हा पाच वर्षांची. तिला आईच्या हिरव्या बांगड्या आठवतात, डोक्याला लावायच्या माक्याच्या तेलाचा वास आठवतो.

आवाज आठवत नाही.

कितीही आठवून बघितलं तरी नाही. एकदा मला म्हणाली, "सगळ्यांची आई स्वप्नात येऊन काहीतरी बोलते गं. माझी नुसती उभी राहते." हे ती हसत म्हणाली होती, पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तर, एप्रिलच्या शेवटी ती जिन्यावरून घसरली. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे घरी, चालायचं तर वॉकर घेऊन. चाळ दिवाळीपर्यंत रिकामी करायची होती, पुनर्विकासाचं काम निघालं होतं. मागचा जिना मार्चमध्येच पाडला होता. गॅलरीच्या त्या टोकाला दोन बांबू आडवे बांधले होते आणि त्यापलीकडे सरळ खाली दोन मजले.

बसल्या जागी सामान आवरताना, बाबांनी माळ्यावरून काढून दिलेल्या ट्रंकेत एक व्हिडिओ कॅसेट सापडली.

वर बॉलपेनने लिहिलं होतं, "संक्रांत हळदीकुंकू ९७."

पहिल्या मजल्यावरचा मनमोहन त्या वर्षी मस्कतहून कॅमेरा घेऊन आला होता आणि दिसेल त्याचं शूटिंग करत सुटला होता. त्यानेच हे काढलं. बाबा तेव्हा दुसऱ्या पाळीला होते. आकांक्षा आजोळी, मालवणात. म्हणजे दोघांपैकी कोणीच त्या कॅसेटमध्ये नाही.

दादरच्या एका दुकानातून बाबांनी ती पेनड्राइव्हवर उतरवून आणली. दुकानदाराने एका कागदावर लिहून दिलं होतं, "चित्र मिळालं. आवाज नाही मिळाला. फीत खराब आहे."

बावीस मिनिटं. मुकी.

आकांक्षाने लॅपटॉपवर लावलं. चाळीतली ती जुनी खोली, सतरंजी, अत्तरदाणी, बायकांची गर्दी. आणि मधूनच आई... बोलतेय, हसतेय, कोणाला तरी हाक मारतेय. ओठ हलतायत आणि काही ऐकू येत नाही. ती रडायलाच लागली.

बाबा चहाचा कप घेऊन मागे उभे होते. पडद्याकडे बघत एकदम खो खो हसले आणि आपल्या मालवणीत म्हणाले,

"राधा म्हणता, गेल्या वर्सा वाणात गाळणी, औंदा पण गाळणीच!"

आकांक्षाने मान वळवली.

"बाबा... तुम्हांला कळतंय?"

"म्हणजे? ओठ दिसतत ना!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. आईचा आवाज नव्हता, पण आईचे शब्द वाचणारा माणूस घरातच होता.

तिच्या लॅबमधल्या नूपुरने एक फुकटचा प्रोग्रॅम सांगितला. अगदी साधा. व्हिडिओ वर चालतो, खाली एक लांब पट्टी. जिथे कोणी बोलतं तिथे थांबवायचं, चौकटीत वाक्य टाइप करायचं, किती सेकंद दिसायला हवं ते ठरवायचं. पट्टीवर त्या जागी एक छोटा निळा ठोकळा येतो. कोणी बोलत नसेल तिथे पट्टी रिकामी. व्हिडिओ लावला की त्या त्या वेळी चित्राखाली ते शब्द उमटतात.

मंगळवारपासून बापलेक कामाला लागले.

बाबा सांगायचे, ती टाइप करायची. "कुंकू जरा बारीक लाव गो." "तिळाचे लाडू की दगड?" "ह्या पोराक कोणीतरी बाहेर काढा." बाबा सगळ्या बायकांचे हावभाव करून दाखवायचे. एरवी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडणारा माणूस सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून अडीच वाजायची वाट बघायला लागला. आकांक्षा मला फोनवर म्हणाली, "बाबा परत आल्यासारखे वाटतायत गं."

गुरुवारी ते अकराव्या मिनिटावर पोचले.

तिथे आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहते. हातात वाणाचं ताट. सरळ कॅमेऱ्याकडे बघते. आठ सेकंद. ओठ मिटलेले, काही बोलत नाही.

आकांक्षाने तो तुकडा पुन्हा पुन्हा मागे घेतला. 

ती आठ सेकंदांची रिकामी जागा तिला बघवेना. लोकांना दाखवताना आई कोणती ते कळायला हवं, म्हणून तिने तिथे आईचं नाव टाकलं. आपल्याकडे बाईचं नाव जसं लिहितात तसंच.

"सौ. सुभद्रा जगदीश परब."

आईच्या चेहऱ्याच्या बरोबर खाली. मधोमध बाबांचं नाव.

हात दाखवून अवलक्षण कशाला म्हणतात ते तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी काम पुढे न्यायच्या आधी तिने मागचं एकदा तपासायला लावलं. अकरावं मिनिट आलं. आई दारात आली...

"थांब," बाबा म्हणाले. "वायच मागे घे. ती बोलता."

"नाही बाबा. काल इथे गप्प होती."

"बोलता गो."

तिने मागे घेतलं. नीट बघितलं.

आईचे ओठ हलले होते. जरासेच.

"'जेवलास?' म्हणता," बाबा म्हणाले. "मनमोहनाक इचारत असतली."

असेलही. मनमोहन वयाने लहान, कॅमेऱ्यामागे तोच उभा. काल नजरेतून सुटलं असेल, असं म्हणून आकांक्षाने पट्टीवर ठोकळा टाकला. पण तिच्या मनात खुट्ट झालंच. कारण काल ते आठ सेकंद तिने एकदा नाही, दहा वेळा बघितले होते.

शनिवारी तोच तुकडा बाबांनी स्वतःहून मागितला.

आई दारात आली. कॅमेऱ्याकडे बघितलं. बोलली. या वेळी लांबलचक.

बाबांनी सांगितलं नाही.

"बाबा, काय म्हणाली?"

त्यांनी हळूच हात वर नेला आणि स्वतःच्या चष्म्याला लावला.

"'चष्म्याक दोरो कित्याक बांधलंस?' म्हणता..."

चष्म्याची एक काडी फेब्रुवारीत तुटली होती. आकांक्षानेच तिथे काळा दोरा बांधून दिला होता.

सत्त्याण्णवमध्ये बाबांना चष्मा नव्हता. मनमोहनला तर अजूनही नाही.

आणि तेवढ्यात...

डंके थांबले.

धाडधाड, धाडधाड, आणि एकदम काही नाही. रस्त्यावरच्या गाड्या नाहीत, शिंका नाहीत, वरच्या मजल्यावरचा नळ नाही. आकांक्षाला वाटलं आपलेच कान गेले. बाबांना तर काय ऐकू येणार? पण त्यांनी खाली वाकून जमिनीला तळहात लावला. साच्यांवरची माणसं यंत्र चालू की बंद ते पायांनी ओळखायची.

"डंके बंद पडले काय गो?"

तिने मान हलवली. पाच मोजेपर्यंत ती शांतता टिकली. मग सगळं पुन्हा सुरू झालं. संध्याकाळी तिने गॅलरीतून डंकवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, सीझन आहे. सकाळपासून बटन बंद केलं नाही."

तिथेच लॅपटॉप मिटायला हवा होता. मीही तिला तेच म्हणाले. तर ती म्हणाली, "आई बोलत होती गं. भीती वाटत होती, पण आई बोलत होती."



रविवारी पाहुणे होते, काम झालं नाही. सोमवार, वीस तारीख.

आई दारात आली. पण आज ताट हातात नव्हतं. ताट खाली, उंबऱ्यापाशी ठेवलेलं. आणि ती शनिवारपेक्षा जवळ उभी होती. किती जवळ म्हणाल तर, परवा तिचे पाय दिसत होते, आज नाही.

ओठ हलले. एकदा. मग पुन्हा एकदा.

बाबा लाजले. सत्तरी उलटलेला माणूस, पण चक्क लाजला.

"माजा नाव घेता," ते म्हणाले. "जगदीश म्हणता. उखाणो घेता वाटता."

उखाण्याला पुढेमागे यमक लागतं. इथे काही नव्हतं. नुसतं नाव. दोनदा.

आकांक्षाचे हात मात्र चालूच होते. लॅबमध्ये डॉक्टर सांगेल ते टाइप करायचं, मध्ये थांबायचं नाही, अर्थ लावत बसायचं नाही, ही आठ वर्षांची सवय. अक्षरं पडद्यावर उमटल्यावरच तिने वर बघितलं.

"जगदीश."

"जगदीश."

आणि चित्रातली आई... तिने त्या अक्षरांकडे खाली बघितलं. मग मान वर करून बाबांकडे.

आकांक्षाने लॅपटॉप मिटला.

मंगळवारी राधाकाकू कैरीचं लोणचं घेऊन आल्या. गाळणीवरून कुरकुरणाऱ्या त्याच राधाकाकू. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, दोन दारं सोडून राहतात. आकांक्षाने बाबा खाली गेलेत हे बघून त्यांना सगळं सांगितलं. म्हातारी हसण्यावारी नेईल आणि आपला जीव भांड्यात पडेल, अशी तिची आशा होती.

काकू हसल्या नाहीत.

"सुभद्रान नवऱ्याचा नाव घेतल्यान?"

"हो. दोनदा."

"ती सुभद्रा न्हय." काकूंनी बरणी खाली ठेवली. "अगो, तिनं उखाण्यातसुद्धा कधी नाव घेतलं नाही. अख्खी चाळ मागे लागली तरी तोंडाक पदर लावून पळान जाय. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणायची. बाकी आम्ही सगळ्या घ्यायचो. एकटी तीच नाही."

काकू जवळ सरकल्या.

"तेनी ओ दिली काय?"

"काय?"

"हाक मारली ना दोनदा? माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतं. ते असलं... ते दोनदाच मारतं आणि वाट बघतं. ओ दिली की संपलं. तुझ्या बाबान ओ दिली काय?"

"नाही काकू. बाबांना ऐकूच कुठे येतं?"

"म्हणानच तुजो बापूस इतकी वर्सां वाचलो," काकू म्हणाल्या. "बहिऱ्याला कोण हाक मारणार? आणि नाव माहीत असल्याशिवाय कोणाला हाक मारता येत नाही. त्याला नाव कोणी सांगितलं?"

 आकांक्षाला उत्तर ठाऊक होतं. नाव तिनेच सांगितलं होतं. टाइप करून. आईच्या चेहऱ्याखाली. आणि ज्या माणसाच्या कानापर्यंत कोणतीच हाक पोचत नव्हती, त्याला तिने ती वाचायला आणून दिली होती.

तिची पाचावर धारण बसली.

काकू गेल्याबरोबर तिने सगळे ठोकळे पुसले. व्हिडिओ पुसला. प्रोग्रॅम काढून टाकला. पेनड्राइव्ह वरवंट्याने ठेचला. लॅपटॉप चादरीत गुंडाळून कपाटात ठेवला आणि किल्ली स्वतःच्या गळ्यातल्या चेनमध्ये अडकवली.

अडीच वाजता बाबा इस्त्रीचा सदरा घालून येऊन बसले.

"लाव गो."

"नाही बाबा. खराब झालं ते. गेलं."

त्यांनी तिच्या ओठांकडे टक लावून बघितलं. खोटं बोलणारे ओठही त्यांना वाचता यायचे.

"बाय, माका एकदाच बघूक दी." ते तिला कायम बायच म्हणायचे. "सत्तावीस वर्सां झाली. माजी बायल आसा ती."

"ती आई नाही, बाबा."

"तुका काय ठाऊक? पाच वर्सांचा पोर तू. माका ठाऊक आसा."

 दोन दिवस बाबा जेवले नाहीत. चहा घ्यायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. ती समोर जाऊन बसली की डोळे मिटायचे. ज्याच्याशी नुसतं ओठांनी बोलता येतं त्याने डोळे मिटले, की बोलायचं तरी काय?

शुक्रवार, चोवीस मे.

दुखण्याच्या गोळीने तिचा डोळा लागला होता. जाग आली ती कशाने, ते तिला आधी कळलं नाही. मग कळलं.

डंके बंद होते.

सगळंच बंद होतं...

तिने मान वळवली. कपाट उघडं. चादर खाली पडलेली. गळ्याशी हात नेला, किल्ली चेनमध्येच होती.

बाबा जमिनीवर मांडी घालून बसले होते. समोर लॅपटॉप. ज्या माणसाला टीव्हीचा रिमोट जमत नाही, त्याच्यासमोर तो प्रोग्रॅम उघडा होता. खालची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी. एकही रिकामी जागा नाही. बावीस मिनिटं, ठोकळ्याला ठोकळा लागून, आणि प्रत्येक ठोकळ्यात एकच शब्द. तो कोणता, ते सांगायला नको.

बाबांचा चेहरा उजळला होता. त्यांनी मान तिरकी केली, कोणाचं तरी प्रेमाने ऐकून घेताना करतात तशी.

"बाबा!" आकांक्षा ओरडली. खरंखुरं, घसा फाडून ओरडली. त्या घरात इतक्या मोठ्याने कधीच कोणी ओरडलं नव्हतं.

त्यांना कुठून ऐकू येणार?

"ओ!" बाबा म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो. अख्ख्या मजल्याने तो ऐकला. "येतंय!"

ते उठले. चप्पल घातली. दाराबाहेर पडले आणि गॅलरीत डावीकडे वळले.

पुढचा जिना उजवीकडे आहे. डावीकडे, दोन खोल्या सोडून, ते दोन बांबू.

आकांक्षाने वॉकर ओढला आणि प्लास्टरचा पाय फरफटत दारापर्यंत आली. बाबा शांतपणे चालले होते. कोणीतरी शेजारून चालत असावं तशी एका बाजूला जागा सोडून. ती हाका मारत होती. बाबा, बाबा, बाबा. तीनदा काय, तीसदा मारल्या. दारं उघडायला लागली होती, पण बाबांचा हात बांबूवर पोचला होता. त्यांनी वाकून वरचा बांबू उचलला.

तेव्हा तिला जमीन आठवली.

गॅलरी लाकडी फळ्यांची. तिने वॉकर दोन्ही हातांनी उचलला आणि फळ्यांवर आपटला. पुन्हा आपटला. धाड, धाड, धाड. साच्यासारखा एकसारखा ठेका धरून, सगळा जीव एकवटून.

बाबांचे पाय थांबले.

ते वळले.

ती रडत होती, पण ओठ स्पष्ट हलवत होती. "मी हाक मारतेय, बाबा. मी. इकडे या."

त्यांनी तिचे ओठ वाचले. मग मान फिरवून त्या मोकळ्या जागेकडे बघितलं, जिथे पूर्वी जिना होता. पुन्हा तिच्याकडे. पुन्हा तिकडे. आणि अगदी काकुळतीला येऊन म्हणाले,

"दोघीजणी एकदम बोलू नकात गो... माका वाचूक जमना नाय."

तेवढ्यात राधाकाकू दारातून धावल्या आणि त्यांनी मागून बाबांचा सदरा घट्ट पकडला. बाबा मटकन खाली बसले. त्याच क्षणी खालचे डंके पुन्हा ऐकू यायला लागले.

आकांक्षा खोलीत परतली तेव्हा लॅपटॉप चालू होता. अकरावं मिनिट. स्वयंपाकघराचं दार, उंबऱ्यापाशी ठेवलेलं वाणाचं ताट.

दारात कोणी नव्हतं...

तिने व्हिडिओ शेवटपर्यंत नेऊन बघितला. बायका होत्या, अत्तरदाणी होती, राधाकाकू होत्या. आई कुठेच नव्हती. त्या संध्याकाळी लॅपटॉप भंगारात गेला.

आता ते दोघं नायगावला भाड्याच्या खोलीत राहतात. तळमजला. तो तिने मुद्दाम बघून घेतला. बाबा जेवतात, फिरायला जातात, पेपर वाचतात. डॉक्टर म्हणतात, वयाच्या मानाने तब्येत उत्तम. सगळं ठीक आहे, असं आकांक्षा मला सांगायची.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते.

आकांक्षा बाबांसमोर बसून बोलत होती, नेहमीसारखी, आवाज न काढता. भाजी घ्या, भात गरम आहे, असलंच काहीतरी. बाबा बघत होते. पण मला काहीतरी खटकत होतं. नीट लक्ष दिलं तेव्हा कळलं.

ते तिच्या ओठांकडे बघत नव्हते.

तिच्या डाव्या खांद्याच्या थोडं वर बघत होते. एखादी बाई मागे उभी असेल तर तिचा चेहरा येईल, तितक्या उंचीवर. आणि मधूनमधून मान डोलवत होते.

मी आकांक्षाकडे बघितलं. तिचा घास हातातच राहिला होता. तिला हे ठाऊक होतं. कितीतरी दिवसांपासून ठाऊक होतं. मागे वळून बघायची हिंमत तिच्यात नव्हती, आणि खरं सांगते, तिच्या मागे बघायची माझ्यातही नव्हती.

तिने बाबांच्या गुडघ्यावर थाप मारली. त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"बाबा... काय म्हणते ती?"

मला वाटलं, नाही सांगणार. पण त्यांनी सांगितलं. अगदी साधेपणाने, पाणी वाढ म्हणावं तसं.

"तुजा नाव इचारता."

कोणत्या आईला स्वतःच्या मुलीचं नाव विचारावं लागतं?

 आकांक्षाने विचारलं. "तुम्ही सांगितलंत?"

बाबांनी पुन्हा तिच्या खांद्याच्या वर बघितलं. जरा वेळ वाचल्यासारखं केलं. मग भात कालवायला लागले.

"अजून नाय," ते म्हणाले.

ही गोष्ट लिहू का, म्हणून मी तिला विचारलं. ती लिही म्हणाली. बाबांचं नाव मी बदललेलं नाही, कारण ते जे काही आहे त्याला ते आधीच ठाऊक आहे.

पण आकांक्षा हे तिचं खरं नाव नाही. मला विचारू नका. आणि तुमच्यापैकी कोणी तिला ओळखत असेल, तर कृपा करून खाली कमेंटमध्ये तिचं नाव टाइप करू नका.